डी. डी. कोसंबी : इतिहासकाराचं गणित धरणाच्या भिंतीत कसं पोचलं?

डी. डी. कोसंबी हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात. प्राचीन भारताचा इतिहास नव्या पद्धतीने मांडणारे, राजांच्या यादीपेक्षा नांगर, नाणी आणि जमीन यांकडे बघणारे इतिहासकार. एका मार्काचा प्रश्न, पुढे चला.

पण धरण फुटण्याची किंवा अणुभट्टीचं काँक्रीटचं कवच तडकण्याची शक्यता किती, हे कॉम्प्युटरवर काढणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला विचारा. तो रोज एक तंत्र वापरतो, त्याचं नाव कारहुनेन-लोएव्ह एक्स्पान्शन. कारहुनेन फिनलंडचे, लोएव्ह फ्रान्सचे. दोघांचं काम १९४५ ते १९४८ च्या दरम्यान आलं. तीच मूळ कल्पना १९४३ मध्ये जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत छापून आली होती. लेखक होते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी.

मी कोडिंग करणारा माणूस, इतिहास माझा विषय नाही. त्यामुळे त्यांच्या आयुष्याकडे मी याच बाजूने बघणार आहे. त्यांची इतिहासाची पुस्तकं मोठीच आहेत, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

गोवा, हार्वर्ड, पुणे

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे बौद्ध धर्म आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. ज्ञानाच्या शोधात घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं फिरलेला माणूस. पुढे त्यांना पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठात बोलावणं आलं. १९१८ मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा दामोदर आणि त्याची मोठी बहीण माणिक यांना सोबत घेऊन गेले. म्हणजे ११ वर्षांचा मुलगा थेट अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या शाळेत. पुढे हार्वर्डमधूनच १९२९ मध्ये पदवी. तिथे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी ओळख झाली. वेड्यावाकड्या, कुठे वळेल सांगता येत नाही अशा रेषांचं गणित मांडणारे ते वीनर. हे नाव लक्षात ठेवा, कारण कोसंबींचा पुढचा मोठा विषय तोच आहे.

भारतात परतल्यावर आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला आंद्रे वेय हा तरुण फ्रेंच गणिती होता. त्याच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक खोडी केली. बुर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने एक शोधनिबंध लिहिला. पुढे फ्रान्समधल्या नामवंत गणितज्ञांच्या एका गटाने हेच टोपणनाव घेतलं आणि ते जगभर गाजलं. पण छापील शोधनिबंधात बुर्बाकी पहिल्यांदा आला तो भारतात, कोसंबींच्या हातून. आजच्या भाषेत याला ट्रोलिंग म्हणतात.

मग फर्ग्युसन कॉलेज, जवळपास १२ वर्षं. वडीलही एकेकाळी तिथेच पाली शिकवायचे. पगार बेताचा, संशोधनाच्या सोयी नाहीत, आणि १९३९ नंतर तर जगभर युद्ध. याच काळात त्यांनी तीन वेगवेगळ्या विषयांत कामं केली. वरवर बघता नाणी, माशी आणि वक्ररेषा यांचा एकमेकांशी काय संबंध? मला विचाराल तर तिन्हीत प्रश्न एकच होता.

नाणी आणि फोनची बॅटरी

तक्षशिलेला सापडलेली चांदीची जुनी नाणी कोसंबींनी तराजूवर एकेक करून तोलली. नाणं हातोहाती फिरतं, प्रत्येक व्यवहारात अगदी कणभर झिजतं. त्यामुळे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होतं, हे कुणालाही सुचेल. त्यांनी दुसरी गोष्टही मोजली. काळ जाईल तसा नाण्यानाण्यातला फरकही वाढत जातो. टांकसाळीतून निघताना सगळी जवळपास सारखी, पण ५० वर्षांनी एक तिजोरीत पडून राहिलेलं, दुसरं बाजारात रोज घासलेलं. सरासरी किती घसरली आणि पसारा किती वाढला, या दोन आकड्यांवरून नाणी किती जुनी आहेत याचा अंदाज बांधता येतो. आपला हिशोब तपासायला त्यांनी चालू चलनातली नाणीसुद्धा ढिगाने तोलली.

हे तुम्ही खिशात घेऊन फिरता. एकाच दिवशी घेतलेले एकाच मॉडेलचे दोन फोन, दोन वर्षांनी एकाची बॅटरी हेल्थ ९० टक्के, दुसऱ्याची ८०. सरासरी ८५ म्हणून कोणालाच दिलासा नाही. लिफ्टचा दोर, तेलाची पाइपलाइन, विमानाच्या इंजिनातली पाती यांची झीज मोजताना आज अशाच प्रकारचं गणित वापरतात. धोका सरासरीपेक्षा शेपटात असतो. सगळ्यात जास्त झिजलेला एक तुकडा पुरतो.

दुसरं काम जनुकांचं. गुणसूत्रांची अदलाबदल होताना ती कुठे तुटतात यावर जे. बी. एस. हाल्डेन यांचं १९१९ चं सूत्र होतं. त्यात एक सोपं गृहीतक होतं की एका ठिकाणी तुटण्याचा शेजारच्या ठिकाणी तुटण्याशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात असतो. एका जागी अदलाबदल झाली की अगदी जवळ दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी हा शेजारधर्म सूत्रात आणला. १९४४ मध्ये आलेलं ते सूत्र आजही पिकांच्या जनुकीय नकाशांत त्यांच्या नावाने वापरतात.

मेडशीजवळ एक बंधारा बांधूया, कागदावर

तिसरं काम म्हणजे १९४३ चा तो शोधनिबंध. तो समजायला आपण एक काल्पनिक बंधारा बांधू. जागा घेऊ माझ्या ओळखीची: वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका, अकोला-वाशिम रस्त्यावरचं मेडशी. आमच्याकडची माती म्हणजे काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चिखल. चार पावलं पुढे गेलं की मुरूम. विहीर खणणाऱ्याला विचारा, शेजारशेजारच्या दोन विहिरींत एकसारखे थर लागतीलच असं तो सांगणार नाही.

समजा १०० मीटर लांब मातीची भिंत आहे. तिच्या मातीची सरासरी ताकद १०० आणि पाण्याचा रेटा ६०. म्हणजे सेफ्टी फॅक्टर सुमारे १.६७, ऐकायला झकास. पण ताकद जागोजागी बदलते, साधारण २० टक्क्यांनी इकडे तिकडे. आता ही भिंत सरकण्याची शक्यता किती?

उत्तर या माहितीवर निघतच नाही. प्रत्येक मीटरची माती शेजारच्या मातीशी किती बांधलेली आहे, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बघा कसं. भिंत एकसंध घसरणार असेल, तर सगळ्या मीटरच्या ताकदीची सरासरी महत्त्वाची. सगळी माती एकाच खाणीतली, चांगली तर सगळी चांगली आणि वाईट तर सगळी वाईट असेल, तर सरासरीतही तोच २० टक्क्यांचा पसारा राहतो आणि फसण्याची शक्यता येते सुमारे २.३ टक्के. ४४ भिंतींत एक. प्रत्येक मीटर एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असेल, तर कमीजास्त एकमेकांत मिटून पसारा २ टक्क्यांवर येतो आणि शक्यता जवळजवळ शून्य होते. वास्तव मधलं असतं. समजा चार वेगवेगळे पट्टे आहेत, तर पसारा १० टक्के आणि शक्यता लाखात तीन. माती तीच, रेटा तोच, सेफ्टी फॅक्टर तोच. (हिशोब नॉर्मल वितरण धरून केलाय, कॅल्क्युलेटर काढून तपासा.)

उलटही होतं. भिंत कुठल्याही एका जागी फुटली तरी पाणी बाहेर पडणार असेल तर? १०० तुकडे, प्रत्येक फुटण्याची शक्यता हजारात एक. सगळे स्वतंत्र असतील तर कुठेतरी फुटण्याची शक्यता ९.५ टक्के. सगळे एकाच दोरीने बांधलेले असतील तर फक्त ०.१ टक्का. म्हणजे स्वतंत्र धरलं की नेहमी सुरक्षित किंवा नेहमी धोक्याचं, असाही नियम नाही. भिंत कशी मोडते त्यावर ते ठरतं.

आता कोसंबी. १०० मीटरची माती म्हणजे १०० अनोळखी आकडे आणि त्यांचा एकमेकांत गुंता. कोसंबींनी असं मांडलं की अशी अख्खी अनिश्चित रेषा हा एकच बिंदू समजा, फार मोठ्या अवकाशातला. मग त्या रेषेचे मूळ आकार शोधता येतात. आपल्या भिंतीत पहिला आकार साधारण असा निघेल: सगळी भिंत थोडी मजबूत किंवा थोडी कमकुवत. दुसरा: एक टोक मजबूत, दुसरं कमकुवत. तिसरा: मध्ये एक, दोन्ही टोकांना उलटं. असे पुढे बारीक बारीक होत जाणारे आकार. प्रत्येक आकाराला एक बटण, रेडिओच्या आवाजासारखं. मूळ १०० आकडे एकमेकांत अडकलेले होते, ही बटणं मात्र एकमेकांशी सहसंबंध नसलेली. आणि खरी गंमत म्हणजे पहिल्या पाच-सहा बटणांतच बहुतेक सगळा पसारा मावतो.

मग कॉम्प्युटरला सांगायचं की ही बटणं हजारो वेळा फिरव, दर वेळी एक काल्पनिक भिंत बनव, आणि कितीदा फुटली ते मोज. १०० गुंतलेल्या आकड्यांपेक्षा सहा मोकळ्या बटणांवर हे काम कितीतरी हलकं होतं.

तुमच्या गॅलरीतल्या जेपीईजी फोटोमागेही याचीच भावकी आहे. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे असतात, म्हणून थोड्या मूळ आकारांत बहुतेक फोटो मावतो. १९७४ मध्ये नासिर अहमद आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं जे रूपांतर जेपीईजीमध्ये आहे, ते किती चांगलं हे याच कारहुनेन-लोएव्हशी तुलना करून दाखवलं गेलं.

१९४३ मध्ये असं मशीन कुणाकडेच नव्हतं. निबंध युद्धाच्या धामधुमीत भारतीय नियतकालिकात आला आणि बाहेर फारसा कुणी वाचला नाही.

डेक्कन क्वीन आणि अणुऊर्जा

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबींनी पुणं सोडलं नाही. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं, संध्याकाळी परत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले. अभ्यासाचा विषय होता कॉम्प्युटर. तेव्हा जगात असली यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याच दौऱ्यात प्रिन्स्टनला आइन्स्टाइनशी चर्चा झाल्या, शिकागोला एक सत्र शिकवलं.

भाभांशी सूर मात्र टिकला नाही. भाभा भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार, आणि त्यांच्याच संस्थेतला हा प्राध्यापक उघडपणे म्हणायचा की या देशात ऊन फुकट पडतंय, आधी त्याचा विचार करा. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी अणुऊर्जेवर भाषण दिलं, त्याचा रोख हाच होता. मोठ्या धरणांऐवजी पाणी पडतं तिथेच अडवणाऱ्या छोट्या बंधाऱ्यांची बाजूही त्यांनी घेतली. सोलर पंप आणि पाणलोटाची कामं बघत वाढलेल्या आपल्या पिढीला हे ओळखीचं वाटेल. १९६० मध्ये ते नोकरीच्या दृष्टीने परवडणारं नव्हतं.

वर्षभराने १२ जुलै १९६१ उजाडला. पुण्याजवळचं पानशेत धरण मातीचं होतं आणि काम पुरतं झालेलं नव्हतं. दरवाजाची यंत्रणा अपुरी, भरावाखालून पाणी सोडणाऱ्या मोरीला आरसीसीची मजबुती नाही, आणि पावसाने जलाशय झपाट्याने भरला. भराव खचला, धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं. १८७९ चं ते दगडी धरणही त्याच दिवशी गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

इथे कागदावरचा हिशोब करून बघा. समजा दोन्ही धरणं फुटण्याची शक्यता प्रत्येकी हजारात एक धरली. दोन्ही एकाच दिवशी? गुणाकार केला तर दहा लाखांत एक, म्हणजे विसरून जा. पण वरच्या धरणाचं पाणी हाच खालच्या धरणावरचा रेटा होता. पहिलं गेल्यावर दुसऱ्याची शक्यता हजारात एक उरलीच नाही. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुप्रकल्पात हेच वेगळ्या रूपात घडलं. हवेची गळती शोधायला धरलेल्या मेणबत्तीने फोम पेटला, आग केबलना लागली, आणि एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेल्या सुरक्षा यंत्रणांपैकी अनेक एकदम बंद पडल्या. अणुभट्टी वाचली, पण पर्याय वेगळे असले तरी त्यांच्या तारा शेजारून जात होत्या हे सगळ्यांना दिसलं.

जिथे शक्यता चालत नाही

याच सुमारास कोसंबी स्वतः एका मोठ्या चुकीत सापडले. १९५९ मध्ये त्यांनी रीमान हायपोथेसिस, म्हणजे गणितातला सगळ्यात प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न, शक्यताशास्त्राने सोडवल्याचा दावा केला. तोही कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही, आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली.

चूक काय होती ते समजून घेण्यासारखं आहे. मूळ संख्या नशिबाने पडत नाहीत. ७ मूळ आहे, ९ नाही, हे कायमचं ठरलेलं आहे. त्यांना फाशांसारखं मानून अंदाज बांधता येतात, चांगले अंदाज. पण फाशांबद्दल जवळजवळ नक्की खरं असलेलं विधान त्या एका ठरलेल्या मालिकेलाही लागू आहे, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

आता मेडशीची माती आठवा. तीसुद्धा फासे टाकत नाही. मातीत काय आहे ते आजच ठरलेलं आहे, आपल्याला फक्त माहीत नाही. चार ठिकाणी बोअर घेऊन बाकीचा अंदाज बांधायचा. म्हणजे इंजिनिअरही ठरलेल्या गोष्टीला फासे मानतो. फरक एवढाच की त्याला सिद्धता नको असते. भिंत किती रुंद करायची, आणखी एक बोअर घ्यायचं की नाही, एवढा निर्णय हवा असतो. मला वाटतं कोसंबींचं हत्यार चुकीचं नव्हतं, त्यांनी ते चुकीच्या दारावर चालवलं. हाताने हजारो नाणी तोललेल्या माणसाला तो मोह झाला असेल तर मला त्यात नवल वाटत नाही.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्यानंतरचे काही गणिती निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. बुर्बाकीची खोडी करणारा माणूस आता स्वतःच टोपणनावाआड गेला होता. दुसरीकडे इतिहासाचं काम जोरात होतं: १९६२ मध्ये 'मिथ अँड रिअॅलिटी', १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक. पुण्याच्या आसपासचे डोंगर काठी घेऊन पायी तुडवायचे, वाटेत दगडी हत्यारं वेचायची. १९६४ पासून सीएसआयआरचे मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्यातच काम. २९ जून १९६६ ला पुण्याच्या घरी झोपेतच ते गेले, वय ५८. भाभा त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले होते.

१९९१ मध्ये रॉजर घानेम आणि पोल स्पॅनोस यांचं स्टोकॅस्टिक फायनाइट एलिमेंटवरचं पुस्तक आलं आणि ही बटणांची युक्ती इंजिनिअरिंगमध्ये सर्रास सुरू झाली. जमीन, काँक्रीट, पोलादाचा पत्रा, भूकंपाचे हादरे, जे जागोजागी किंवा क्षणोक्षणी बदलतं ते सगळं तिच्यात बसवता येतं. २००८ मध्ये टपाल खात्याने कोसंबींचं पाच रुपयांचं तिकीट काढलं. अलीकडे काही शोधनिबंधांत कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असं तिहेरी नाव दिसायला लागलंय.

सॉफ्टवेअरमध्ये ते अजून पोचलेलं नाही. फ्रान्सची वीज कंपनी ईडीएफ, एअरबस आणि इतरांनी मिळून बनवलेली ओपनटर्न्स नावाची मोफत पायथन लायब्ररी आहे, खास अशाच बिघाडाच्या शक्यता काढण्यासाठी. लॅपटॉपवर पाच मिनिटांत बसते. तिच्यात या कामाचे जे क्लास आहेत, त्यांची नावं कारहुनेनलोएव्हपासून सुरू होतात.